सूची ठेवण्याचे काम कोणाचे?

संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्यांच्या व्यवहारात 'लायब्ररी' हा शब्द पुस्तकांच्या कपाटांसाठी वापरला जात नाही. सरासरी काढणे, दोन तारखांमधील अंतर मोजणे, दोन तक्त्यांतील रकाने जुळवणे अशी कामे वारंवार करावी लागतात. ती करणारी आज्ञावली कोणी तरी एकदा लिहून ठेवावी आणि बाकीच्यांनी ती आयती वापरावी, असा तेथील रिवाज आहे. अशा आयत्या आज्ञावल्यांच्या संचाला लायब्ररी म्हणतात. पायथॉन या भाषेत त्यांची गणती लाखांनी होते आणि बहुतेक सर्व फुकट मिळतात. परंतु आयती वस्तू वापरायची तर तिच्यासोबत माहितीपुस्तिका हवी. कोणत्या फंक्शनला काय द्यायचे, ते काय परत देते, कोणत्या गोष्टी न सांगताच गृहीत धरते, हे सांगणाऱ्या या पुस्तिकेला 'डॉक्युमेंटेशन' म्हणतात.

हा विषय तंत्रज्ञांचा आहे, वृत्तपत्राच्या अग्रलेखाच्या पानावर त्याचे काय काम, असे कोणी विचारील. परंतु पायथॉन आता अभियांत्रिकीच्या वर्गापुरते उरलेले नाही. वाणिज्य, संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्राचे विद्यार्थीही त्यावर आकडेमोड करतात. जिल्ह्याच्या कचेरीत बसून तक्ते जुळवणाऱ्या तरुण लिपिकांपैकी काहींनी ते स्वतःच्या हौसेने शिकून घेतले आहे. त्यांनी काढलेल्या आकड्यांवर अहवाल बेततात आणि अहवालांवर निर्णय. म्हणून या माहितीपुस्तिका कोण लिहितो, त्यांची सूची कोण ठेवतो आणि ती सूची धुंडाळण्याची साधने कोण बनवतो, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या शिक्षकाने हाती घेणे अप्रस्तुत ठरू नये. ज्ञानव्यवहारातील हे पायाभूत काम आपल्या शिक्षणसंस्था शिकवत नाहीत आणि मोजतही नाहीत. कृत्रिम बुद्धिमत्तेचे नवे यंत्र आल्यापासून तर या कामाची गरजच संपली, असे मानण्याकडे कल दिसू लागला आहे. हा कल घातक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

चार ओळींनंतरचा मजकूर

या क्षेत्रातील एका लहानशा साधनाचे उदाहरण घेऊ. पायथॉनची अधिकृत माहितीपुस्तिका नीट रचता यावी म्हणून गेओर्ग ब्रांडल यांनी 'स्फिंक्स' नावाची प्रणाली तयार केली. ती २००८ साली प्रसिद्ध झाली. पुढे हजारो लायब्रऱ्यांच्या पुस्तिका तिच्यावर रचल्या गेल्या. स्फिंक्स पुस्तिकेची पाने तयार करताना त्यांच्यासोबत एक छोटी फाइलही तयार करते. पुस्तिकेत ज्या ज्या फंक्शनचे, वर्गाचे किंवा प्रकरणाचे वर्णन आहे त्याचे नाव, त्याचा प्रकार, त्याचा अग्रक्रम, त्याच्या पानाचा पत्ता आणि ते छापताना कसे दाखवायचे, एवढ्याच गोष्टी तीत ओळीओळीने नोंदलेल्या असतात. कचेरीतील मंडळींना हे सांगायला नको की ही शुद्ध आवक-जावक नोंदवही आहे. ती मूळची मनुष्याने वाचण्यासाठी नव्हेच. एका लायब्ररीच्या पुस्तिकेतून दुसरीच्या पुस्तिकेकडे बिनचूक बोट दाखवता यावे, यासाठी यंत्राने यंत्रासाठी ठेवलेली ती नोंद आहे. तिच्या पहिल्या चार ओळी साध्या मजकुरात असतात. त्यांत प्रकल्पाचे नाव आणि आवृत्तीही कळते. त्यापुढचा मजकूर दाबून लहान केलेला असल्याने उघडून पाहणाऱ्याला केवळ अगम्य चिन्हे दिसतात.

ही नोंदवही मनुष्याला उघडता यावी म्हणून कोणी तरी आणखी एक छोटे पॅकेज लिहिले आणि ते सर्वांना मोफत देऊन टाकले. 'स्फिंक्स', 'ऑब्जेक्ट' आणि 'इन्व्हेंटरी' या तीन शब्दांचे तुकडे जोडून त्याचे नाव 'स्फॉबइन्व्ह' असे ठेवले आहे. ते उच्चारताना जीभ अडखळते, पण त्याचे काम चोख आहे. दाबलेली फाइल ते उलगडते, साध्या मजकुरात किंवा अन्य प्रोग्रॅमना वाचता येईल अशा रूपात देते, दुरुस्त करून पुन्हा दाबूनही देते. शिवाय अर्धवट आठवणारे नाव दिले तर त्याच्याशी अक्षरसाम्य असलेल्या नोंदी पुढे ठेवते. प्रत्येक नोंदीला शंभरपैकी गुण देऊन किती गुणांवरच्या नोंदी दाखवायच्या हे ठरवण्याची सोय त्यात आहे. आपण काही सांगितले नाही तर ते ७५ धरून चालते. लेखनिकाच्या टेबलावरची जुनी जाडजूड नोंदवही आणि तिच्याशेजारी बसलेला, 'असे काहीसे नाव होते' म्हटल्यावर चार पाने अचूक उघडून देणारा अनुभवी कारकून, अशी ही जोडी आहे.

ही कल्पना नवीन नाही. युनिक्स या प्रणालीची पहिली माहितीपुस्तिका केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेची सिद्ध केली. तीत प्रत्येक आज्ञेच्या शेवटी तिच्यातील ज्ञात दोषही प्रामाणिकपणे नोंदवलेले होते. आपल्या किती शासकीय योजनांच्या पुस्तिकांत असा रकाना असतो, हा प्रश्न येथे सोडून देऊ. १९७९ साली निघालेल्या सातव्या आवृत्तीत प्रत्येक आज्ञेच्या वर्णनातील महत्त्वाचा प्रत्येक शब्द वर्णानुक्रमे लावलेली सूची जोडलेली होती. म्हणजे आज्ञेचे नाव ठाऊक नसले तरी तिच्या कामाचा एखादा शब्द ठाऊक असला की वाचक तिच्यापर्यंत पोहोचे. तशा सूचीचे तंत्र आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी त्याआधी सुमारे वीस वर्षे मांडले होते. आणि त्याच्याही बऱ्याच आधी, १९३१ साली, ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडताना आपल्या डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी वाचकाचा वेळ वाचवणे हे ग्रंथालयाच्या कर्तव्यांत गणले होते.

वाचकाच्या वेळेला अर्थशास्त्रात किंमत आहे. जॉर्ज स्टिग्लर यांनी १९६१ साली माहितीच्या अर्थशास्त्रावर लिहिलेल्या सुप्रसिद्ध निबंधात हेच दाखवले की शोध घेणे ही फुकट क्रिया नव्हे. तिला खर्च येतो, आणि म्हणून मनुष्य एका मर्यादेपलीकडे शोध घेणे थांबवतो, अपुऱ्या माहितीवर निर्णय घेतो. यात त्याचा आळस नसतो, हिशेब असतो. सूची चांगली असेल तर शोधाचा खर्च उतरतो आणि मनुष्य योग्य पानापर्यंत पोहोचण्याचा संभव वाढतो. ती नसेल तर तो शेजाऱ्याला विचारतो, शेजारी आणखी कोणाला विचारतो, आणि अखेरीस सर्वजण तीच ऐकीव गोष्ट खरी मानून चालतात.

नाव एक, अर्थ दोन

योग्य पानापर्यंत पोहोचण्याने एवढे काय साधते? कोणत्याही शिक्षकाला वर्गात पडताळून पाहता येईल असे एक उदाहरण देतो. २, ४, ४, ४, ५, ५, ७, ९ हे आठ आकडे घ्या. सरासरी ५. सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज ३२. आता प्रमाण विचलन काढायचे. पायथॉनमधील 'नमपाय' ही लायब्ररी आपण काही न सांगता वापरली तर ती ३२ ला ८ ने भागून वर्गमूळ काढते आणि उत्तर देते २. 'पांडास' ही दुसरी लायब्ररी तशीच वापरली तर ती ३२ ला ७ ने भागते आणि उत्तर देते सुमारे २.१४. दोन्हीकडे फंक्शनचे नाव एकच, 'एसटीडी'. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. एक संपूर्ण समूहाचे आहे, दुसरे नमुन्यावरून केलेल्या अनुमानाचे. कोणते कुठे वापरायचे हे पदवीच्या दुसऱ्या वर्षाला शिकवले जाते. पण लायब्ररीने आपल्या वतीने कोणते गृहीत धरले आहे हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळणार नाही. ते त्या लायब्ररीच्या पुस्तिकेतच, त्या फंक्शनच्या पानावर लिहिलेले असते. (पायथॉनच्या स्वतःच्या 'स्टॅटिस्टिक्स' या भागात या दोन क्रियांना निरनिराळी नावे दिली आहेत. नाव ठेवणाऱ्याने वाचकाचा विचार केला की किती अनर्थ टळतात, हे त्यावरून कळावे.)

आठ आकड्यांत फरक ठळक दिसतो. आठ हजारांत तो जवळजवळ नाहीसा होतो. मधल्या प्रदेशात, वीस-पंचवीस कुटुंबांच्या पाहणीत, एका तुकडीच्या गुणांत, एका तालुक्यातील काही गावांच्या पर्जन्यमानात, तो निष्कर्ष फिरवण्याइतका असू शकतो आणि तरीही लक्षात न येण्याइतका लहान असतो. आणि नेमके याच प्रदेशात आपले विद्यार्थी प्रकल्प करतात.

नामसूची शोधणारे साधन येथे पूर्ण उत्तर देत नाही, हे मान्य केले पाहिजे. ते नावे जाणते, अर्थ जाणत नाही. 'प्रमाण विचलन' या संकल्पनेचे इंग्रजी नाव पूर्ण लिहून शोधले तर 'एसटीडी' हे तीन अक्षरी नाव ते पुढे आणीलच असे नाही. हॅस्केल या भाषेसाठी नील मिचेल यांनी केलेल्या 'हूगल' या साधनात नावाऐवजी 'अमुक प्रकारची वस्तू आत, तमुक प्रकारची बाहेर' असे सांगूनही फंक्शन शोधता येते. ती वाट निराळी आणि काही बाबतींत अधिक सुबक आहे. परंतु नामसूचीचा एक गुण निर्विवाद आहे: ती खोटे बोलत नाही. नोंद आहे तर आहे, नाही तर नाही. कोणत्या आवृत्तीची नोंदवही हेही तिच्या माथ्यावरच लिहिलेले असते.

या गुणाची किंमत २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आल्यानंतर कळू लागली. ही यंत्रे प्रश्नाला अस्खलित उत्तर देतात, आज्ञावलीही लिहून देतात, आणि अनेकदा ती चालते. पण अस्तित्वातच नसलेल्या फंक्शनचे, एवढेच काय, अस्तित्वात नसलेल्या लायब्ररीचे नावही ती तितक्याच आत्मविश्वासाने सांगतात. अशी कल्पित नावे हेरून त्याच नावाने घातक पॅकेज नोंदवून ठेवण्याचा धोका सुरक्षातज्ज्ञांनी दाखवून दिला आहे. यंत्राने सांगितलेले नाव नोंदवहीत आहे का, हे पाहायला क्षणभर लागतो. जो विद्यार्थी तो क्षण देत नाही तो संगणक वापरत नसून संगणकाच्या अधीन झालेला असतो, असे मला वाटते. शिवाय नाव खरे असले तरी त्या फंक्शनने ८ ने भागले की ७ ने, हे यंत्राने सांगितले म्हणून मानायचे, की पान उघडून पाहायचे? या यंत्रांच्या विद्येचा मोठा भाग याच पुस्तिकांमधून आणि त्यांच्यावरील चर्चांमधून आलेला आहे. मूळ लेखन आटले तर यंत्राची विद्याही शिळी होणार.

पाणवठ्यावर टँकर

मूळ लेखनाची स्थिती काय आहे? गिटहब या संस्थेने २०१७ साली मुक्त सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांची व लिहिणाऱ्यांची पाहणी केली. अपुरे किंवा कालबाह्य डॉक्युमेंटेशन ही सार्वत्रिक अडचण आहे, असे ९३ टक्के उत्तरदात्यांनी म्हटले. आणि योगदान देणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांनी आपण पुस्तिकेत क्वचितच किंवा कधीच भर घालत नाही, असे सांगितले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात आश्चर्य वाटू नये. सार्वजनिक वस्तूचे सर्व लक्षण येथे आहे: एकाने वाचल्याने दुसऱ्यासाठी ती उणी होत नाही, वाचणाऱ्याला अडवता येत नाही, म्हणून प्रत्येकाला ती हवी असते आणि खर्च मात्र दुसऱ्याने करावा असे वाटते. त्यात आणखी एक विचित्र अडचण आहे. ज्याला आज्ञावली पूर्ण कळली आहे त्याला पुस्तिकेची गरज उरलेली नसते, आणि ज्याला गरज आहे त्याला ती लिहिता येत नाही. रस्ते किंवा दिवाबत्ती यांच्या बाबतीत असे होत नाही.

यात आता एक नवे वळण आले आहे. 'रीड द डॉक्स' ही संस्था २०१० पासून असंख्य मुक्त प्रकल्पांच्या पुस्तिका इंटरनेटवर फुकट ठेवते आणि मुख्यतः जाहिरातींच्या उत्पन्नावर तो खर्च भागवते. २०२४ च्या जुलै महिन्यात तिने जाहीर केले की कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी मजकूर गोळा करणाऱ्या एका यंत्राने त्या वर्षीच्या एकट्या मे महिन्यात ७३ टेराबाइट इतका मजकूर उतरवून नेला, तीच पाने पुन्हा पुन्हा नेली, आणि त्यापायी संस्थेला ५,००० डॉलरांहून अधिक भुर्दंड पडला. आम्ही वर्गात शिकवतो की ज्ञान वाटल्याने कमी होत नाही. ते खरेच आहे. पण ज्ञान ज्या नळातून येते तो नळ मात्र मोजून-मापूनच वाहतो. गावाने वर्गणी काढून पाणवठा बांधावा, एका धनिकाने तेथे रात्रंदिवस टँकर लावावेत आणि मग तेच पाणी बाटलीत भरून गावाला विकावे, यातला हा प्रकार आहे. टँकरवाल्याने पाणवठ्याच्या डागडुजीचा खर्च उचलला पाहिजे, यात मतभेद व्हायचे कारण नाही. तो कसा वसूल करायचा हे त्या त्या देशांच्या सरकारांनी ठरवायचे आहे आणि तो लढा आपल्या आवाक्याबाहेरचा आहे.

आपल्या आवाक्यात जे आहे ते फार साधे आहे. पायथॉनची संपूर्ण पुस्तिका उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय वाचता येते. तशी सोय अधिकृतपणे दिलेली आहे. लायब्ररीची नोंदवही तर एखाद्या छायाचित्राहून लहान फाइल असते. दुपारी वीज व इंटरनेट यांचा लपंडाव चालणाऱ्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत प्रत्येक संगणकावर या पुस्तिका, त्यांच्या नोंदवह्या आणि त्या धुंडाळण्याचे साधन जून महिन्यातच बसवून ठेवावे. प्रात्यक्षिक परीक्षेत ते उघडायला परवानगी द्यावी आणि पाठ केलेल्या ओळींऐवजी 'हे फंक्शन भागाकार कितीने करते ते पुस्तिकेतून शोधून लिहा' अशा प्रश्नाला गुण ठेवावेत. आज कित्येक ठिकाणी पुस्तिका उघडणे ही नक्कल समजली जाते. वकील कायद्याचे पुस्तक उघडतो त्याला कोणी नक्कल म्हणत नाही.

दुसरी गोष्ट मोजदादीची. शिक्षकाच्या पदोन्नतीसाठी शोधनिबंध मोजले जातात. ते कोणी वाचले का हे विचारले जात नाही. दुसऱ्याच्या लायब्ररीची पुस्तिका सुधारली, तिच्यात उदाहरणे घातली, तिची सूची दुरुस्त केली, तर ते काम कोणत्या रकान्यात लिहायचे? रकानाच नाही. सूचीकाराच्या श्रमाला महाराष्ट्र अपरिचित आहे असेही नाही. १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची शंकर गणेश दाते यांनी सिद्ध केली आणि पुढे तिचा दुसरा खंडही केला. मराठीत संशोधन करणारा माणूस आजही त्या खंडांपाशी गेल्यावाचून राहत नाही. त्या श्रमाला आपण श्रेष्ठ म्हणतो, पण आजचा सूचीकार आपल्या शेजारच्या खोलीत बसलेला असला तर त्याचे काम आपल्याला काम वाटत नाही.

भाषेचा प्रश्नही येथेच येतो. पायथॉनच्या पुस्तिकेची अन्य भाषांतील रूपांतरे अधिकृत रीतीने प्रसिद्ध करण्याची पद्धत २०१७ साली ठरली. जपानी, फ्रेंच, कोरियन अशा भाषांनी तिचा लाभ घेतला. या पद्धतीत फंक्शनची नावे आहेत तशीच राहतात आणि स्पष्टीकरण तेवढे आपल्या भाषेत येते. त्यामुळे नोंदवही आणि शोधाचे साधन यांना धक्का लागत नाही. मराठीत असे संपूर्ण रूपांतर अद्याप सिद्ध व्हायचे आहे. नमुन्याचे आणि समूहाचे प्रमाण विचलन यांतला भेद मराठीत चार ओळींत सांगणारा शिक्षक प्रत्येक तालुक्यात सापडेल. त्या चार ओळी योग्य पानावर नेऊन ठेवणे हे प्रकल्प म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना देता येण्याजोगे काम आहे. दरवर्षी बांधणी करून कपाटात जाणाऱ्या प्रबंधिकांपेक्षा त्याचा उपयोग खचित अधिक लोकांना होईल.

आणि शासकीय कचेऱ्यांतील वाचकांसाठी एक. महाराष्ट्र शासनाच्या प्रत्येक निर्णयाच्या तळाशी संगणक संकेतांक छापलेला असतो. तो हाती असला की निर्णय सापडतो. म्हणजे नोंदवहीतील नाव आणि पत्ता या दोन रकान्यांचे काम झालेले आहे. पण संकेतांक ज्याच्या हाती नाही, ज्याला फक्त 'घरभाड्याबद्दल काहीसा निर्णय होता' एवढेच आठवते, आणि तो नंतर अधिक्रमित झाला की काय याची ज्याला धास्ती आहे, त्या लिपिकाची दुपार कशी जाते ते त्यालाच ठाऊक. निर्णयाचे नाव, विभाग, दिनांक, त्याने कोणता जुना निर्णय रद्द केला आणि पुढे त्याला कोणी रद्द केले, एवढे पाच-सहा रकाने एका साध्या फाइलमध्ये यंत्राला वाचता येतील असे सर्वांसाठी खुले ठेवले, तर ती धुंडाळण्याचे साधन एखादा विद्यार्थी दिवाळीच्या सुटीत लिहून देईल. ती फाइल ठेवण्याचा आदेश मात्र मंत्रालयातूनच निघावा लागेल.